पाच गाद्यांचा खुलासा

मास्तरबाईंनी उभ्या आयुष्यात शाळेत एक तास घेतला नव्हता. त्या टेलरमास्टर होत्या. पण बाईमाणसाला नुसतं मास्टर कसं म्हणायचं, या संकोचातून गल्लीने त्यांना मास्तरबाई करून टाकलं होतं. कोटाचं अस्तर बदलणं, पॅन्टची उंची कमी करणं, शाळेचे गणवेश, अशी कामं त्या पस्तीस वर्षं करत आल्या होत्या. त्यामुळे त्यांच्या नावाने सरकारी पाकीट आलं, तेव्हा काहीतरी थकलं असणार असं धरून त्यांनी ते दोन दिवस फोडलंच नाही.

शेवटी नवऱ्याने फोडलं. तो बसच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेला मेकॅनिक. चष्मा कपाळावरून खाली ओढून त्याने पत्र दोनदा वाचलं.

"थकलेलं काही नाही," तो म्हणाला. "उलट तूच आता दुसऱ्यांचं थकलेलं बघायचंस. चिठ्ठी टाकून नाव काढलंय तुझं."

प्रकरण असं होतं. छोटा नवा धंदा काढणाऱ्यांना बँका कर्ज द्यायला कचरतात, म्हणून सरकारने एक हमी निधी काढला होता. धंदा बुडाला तर बँकेचं बरंचसं नुकसान हा निधी भरून देणार. पैसा लोकांचा, म्हणून त्यावर देखरेख करायला पाच जणांची समिती. तिघे सरकारी आणि दोघे साधे नागरिक, दर वर्षी मतदार यादीतून चिठ्ठ्या टाकून निवडलेले. त्या वर्षीच्या दोघांतल्या एक मास्तरबाई. दुसरे होते एक दातांचे डॉक्टर. ते बोलत फार आणि येत कमी.

"मला काय कळतं त्यातलं?" मास्तरबाई म्हणाल्या.

"तुला कळत नाही म्हणूनच बोलावलंय," नवरा म्हणाला. "कळणारे तिघे आहेतच की तिथे."

पहिले तीन महिने त्या बैठकीत तोंड उघडून फक्त चहा प्यायल्या. फायली समोर येत, निधीचा तपासनीस त्यातलं सार वाचून दाखवी, आणि अध्यक्षबाई विचारत, "प्रामाणिक अपयश की गैरवापर?" प्रत्येक बुडालेल्या धंद्याचा निकाल या दोनच शब्दांत लागायचा. प्रामाणिक अपयश ठरलं तर विषय संपला. माणूस पुन्हा कामाला लागायला मोकळा. गैरवापर ठरला तर वसुली, आणि दहा वर्षं नाव काळ्या यादीत. यादीतल्या माणसाला कर्ज सोडाच, बऱ्याच ठिकाणी नोकरीही मिळत नसे.

तपासनीस पस्तिशीचा, काटेकोर माणूस होता. त्याच्या पेन्सिलीलाही टोपण असे. चौथ्या महिन्यात त्याने एक फाइल उघडली आणि आपल्या कोरड्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

एका बहीण-भावाने अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांसाठी हवेच्या गाद्या बनवायचा धंदा काढला होता. गादीत आडव्या बारा नळ्या. दर काही मिनिटांनी एक सोडून एक नळी फुगते, बाकीच्या बसतात. म्हणजे अंगाचा भार एकाच जागी राहत नाही आणि पाठीला जखमा होत नाहीत. चाळीस गाद्या बनवून महिन्याच्या भाड्याने घरोघरी द्यायच्या, असा बेत होता. धंदा अडीच वर्षांत बंद पडला. त्यात तपासनिसाला दोन गोष्टी खटकल्या होत्या.

"रबर लावलेलं कापड, चाळीस गाद्यांचं, एकदा घेतलं. पाच महिन्यांनी तेवढंच पुन्हा. सात महिन्यांनी तिसऱ्यांदा. एकशेवीस गाद्यांचं कापड आणि गाद्या चाळीस. दुसरं म्हणजे, बंद करताना गाद्या बँकेकडे जमा करायच्या होत्या. पस्तीस झाल्या. पाचांपुढे 'खराब, टाकून दिल्या' असं लिहिलंय. टाकून दिल्याचा पुरावा नाही. माझं मत, गैरवापर."

दातांच्या डॉक्टरांनी मान हलवली. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं.

"कापड कुठलं आहे ते बघायला मिळेल का?" मास्तरबाईंनी विचारलं. इतक्या दिवसांत त्यांचा आवाज कोणी ऐकला नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी आधी दाराकडे पाहिलं.

"फाइलमध्ये बिलं आहेत, बाई," तपासनीस म्हणाला.

"बिलं नकोत. कापड."

नियमात तशी सोय होती. सदस्याला तपासनिसाबरोबर जागेवर जाऊन पाहता येत असे. आजवर कोणी गेलं नव्हतं, एवढंच.

बहीण-भावाचा कारखाना म्हणजे एका गॅरेजच्या वरची लांबट खोली होती. पत्र्याचं छप्पर, एका बाजूला खिडक्या, मधोमध कापड बेतायचं मोठं टेबल. यंत्रं बँकेने नेली होती. ती जिथे होती तिथे फरशीवर चौकोनी पांढुरके डाग उरले होते. बहीण तिशी ओलांडलेली, केस घट्ट बांधलेली, उत्तरं तयार ठेवून उभी होती. भाऊ तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. तो खिडकीपाशी स्टुलावर बसला होता आणि त्याने वर पाहिलं नाही.

"सोन्या, आलेत ते," ती म्हणाली.

"हं," तो म्हणाला आणि तसाच बसून राहिला.

तपासनिसाने प्रश्न विचारले, सोन्याच्या ताईने उत्तरं दिली. कापड तीनदा का? पहिलं वाया गेलं, दुसरंही गेलं. वाया म्हणजे काय? शिवण टिकली नाही. त्याचा पुरावा? ताईने कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे छताला टेकतील एवढी पोती रचलेली होती. "टाकवलं नाही," ती म्हणाली. "का ते मलाही सांगता येणार नाही."

मास्तरबाईंनी एका पोत्याचं तोंड सोडलं. आत राखाडी, रबरी वासाचे तुकडे होते. त्यांनी एक उचलला, खिडकीकडे धरला आणि शिवणीवरून अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला. 

"हे कोणी शिवलं?"

स्टुलावरून आवाज आला, "मी."

"कुठे शिकलात?"

"पुस्तकातून. थोडं मशीनवाल्याकडून."

"हे बघ," मास्तरबाई म्हणाल्या. शिवणीची गोष्ट निघाली की त्यांचं अहो-जाहो गळून पडायचं. "इकडे ये. किती बारीक टाके घातलेस हे. हवा निघू नये म्हणून ना?"

तो उठून आला. "हो."

"टाका जितका बारीक तितकी भोकं जास्त. कापडाची चाळणी केलीस तू. चेकबुकातला चेक कसा फाटतो, तशी फाटली असेल ती सरळ रेषेत."

सोन्याने तुकडा हातात घेतला. "तिसऱ्या आठवड्यात," तो म्हणाला. "सगळ्या एकदम. फुगवल्या की फाटायच्या. मग मी टाके मोठे घेतले आणि भोकांवर गोंद भरला."

"आणि गोंद वाळून तडकला."

"थंडीत." तो पहिल्यांदाच त्यांच्याकडे पाहत होता. "तुम्हाला कसं कळलं?"

"हे काय, दिसतंय की. हा दुसऱ्या खेपेचा तुकडा. आणि तिसऱ्या खेपेला?"

"शिवलंच नाही. तापवून चिकटवलं, नुसत्या उष्णतेने. ते टिकलं." त्याचा आवाज पुन्हा खाली गेला. "पण तोवर मोठ्या कंपनीची स्वस्त गादी बाजारात आली होती."

तपासनीस हे सगळं लिहून घेत होता. लिहून झाल्यावर तो म्हणाला, "बाई, तुम्हाला शिवण कळते हे मान्य. पण हे ऐंशी गाद्यांचं कापड आहे की दहा गाद्यांचं, हे कसं ठरवायचं? तुकडे हजारभर असतील."

मास्तरबाईंनी टेबलावरचा नमुना पाहिला. "एका गादीला हवेची नळी किती ठिकाणी जोडायची?"

"एकाच," सोन्या म्हणाला. "उशाकडच्या कोपऱ्यात गोल भोक असतं."

"मग तुकडे कशाला मोजता? भोकं मोजा."

पुढचे तीन तास चौघांनी पोती उपसली. तपासनिसाने आधी बसायला कागद पसरला, मग बाह्या दुमडल्या, आणि शेवटी गुडघ्यांवर येऊन, रबराची काळी पूड नाकाला लागलेली अशा अवस्थेत तो मोठ्याने आकडे म्हणत होता. गोल भोकाचा तुकडा सापडला की सोन्या तो एका बाजूला टाकी, बारीक टाक्याचे डावीकडे, गोंदाचे उजवीकडे. ताईने चहा केला. तपासनिसाने नियमात बसत नाही म्हणून नको म्हटलं आणि पाणी मागितलं.

"अठ्ठ्याहत्तर," तो शेवटी म्हणाला. "दोन कमी."

सगळे एकमेकांकडे पाहू लागले. सोन्याने कपाळावर हात मारला आणि वर बोट दाखवलं. छपराला जिथे चीर होती, तिथे आतून राखाडी कापड ठोकलेलं होतं आणि त्यात दोन गोल भोकं होती. त्यांतून छान उजेड येत होता. तपासनीस मान वर करून बघत राहिला. मग त्याने वहीत लिहिलं आणि, कधी नव्हे तो, किंचित हसला.

"कापडाचा हिशेब जुळला," तो म्हणाला. "आता पाच गाद्या."

खोलीतलं हसू तिथेच विरलं. सोन्या पुन्हा खिडकीकडे वळला. ताई टेबलाची कड पुसू लागली. तिथे काहीच सांडलेलं नव्हतं.

"खराब झाल्या," ती म्हणाली.

"तिसऱ्या खेपेच्या होत्या ना?" मास्तरबाईंनी विचारलं. "त्या टिकल्या म्हणालात."

 खाली गॅरेजमध्ये कोणीतरी इंजिन चालू करून बघत होतं. ते घरघरायचं आणि बंद पडायचं.

"त्या पाचांवर माणसं होती," ताई म्हणाली. "बँकेचं पत्र आलं, आठ दिवसांत सगळ्या जमा करा. आम्ही घरोघर जाऊन गोळा केल्या. ज्यांना दुसरी घेणं जमलं त्यांनी घेतली. या पाच घरांना जमणार नव्हतं. एका घरी मी गादी काढायलाच गेले होते. आजोबांना कुशीवर वळवलं, त्यांनी माझा हात धरला. त्यांना वाटलं मी चादर बदलतेय. ते म्हणाले, सावकाश कर, घाई नाही." तिने हातातला फडका खाली ठेवला. "आमची आई आठ महिने साध्या गादीवर पडून होती. तिची पाठ मी रोज धुवायचे. त्यासाठीच तर हे सगळं काढलं होतं. मला नाही ओढता आली ती गादी. मी खराब असं लिहिलं. सोन्याला माहीत नव्हतं."

"माहीत होतं," सोन्या खिडकीपाशून म्हणाला. "पाचाचा आकडा मीच सांगितला तुला."

तपासनिसाने पेन्सिल वहीत ठेवली होती. त्याने मास्तरबाईंकडे पाहिलं. त्यांच्या लक्षात आलं की तो वाट बघतोय. आता त्यांनी नुसतं "चला" म्हटलं असतं तरी कदाचित त्यानेही वही मिटली असती.

"हे लिहावं लागेल, बाळा," मास्तरबाई म्हणाल्या.

ताईने मान हलवली. तिचे डोळे भरले होते, पण आवाज स्थिर होता. "माहीत आहे."

"पण मी लिहिण्यापेक्षा तू स्वतः सांगितलंस तर बरं. जाहीर सुनावणी असते. लोकांसमोर सांगावं लागेल."

"यादीत नाव टाकायचं तर माझं टाका. याचं नको. याला अजून बरंच करायचंय."

"ते माझ्या हातात नाही," मास्तरबाई म्हणाल्या. असं तोंडावर सांगणं त्यांच्या फार जिवावर आलं.

जिना उतरताना तपासनीस म्हणाला, "तुम्ही सोडून दिलं असतं तर मी काय केलं असतं, तेच मला कळत नव्हतं."

"मलाही," त्या म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्या ताटातला भात नुसता चिवडत बसल्या. फाइलीतलं घरी बोलायचं नाही असा नियम होता आणि नवऱ्याला तो ठाऊक होता. त्याने ताटातली भाजी त्यांच्याकडे सरकवली. "मला काही सांगू नकोस," तो म्हणाला. "पण जेव. उपाशीपोटी कोणाचं भलं करता येत नाही, आणि वाईटही नाही." मग तो उठला, त्यांच्या मागे उभा राहून त्यांचे खांदे दाबत राहिला. शिवणाऱ्या माणसाचे खांदे कुठे दुखतात हे त्याला पस्तीस वर्षांत पाठ झालं होतं.

सुनावणी तीन आठवड्यांनी झाली. लांब टेबलाशी समिती आणि समोर लोकांसाठी साठ खुर्च्या. अशा सुनावणीला एरवी दोन-तीन माणसं फिरकत. त्या दिवशी वीसेक होती. ताईने उभं राहून सगळं सांगितलं. कापड, टाके, गोंद, मोठी कंपनी. मग पाच गाद्या. तिने कशाची सारवासारव केली नाही. "मी खोटं लिहिलं," ती म्हणाली, आणि सोन्या तिच्या शेजारी उभा राहिला. "आम्ही लिहिलं," तो म्हणाला.

"त्या गाद्या खरंच त्या घरांत आहेत याची खात्री काय?" दातांच्या डॉक्टरांनी विचारलं. प्रश्न वाजवी होता.

तपासनीस उठला. मास्तरबाईंना माहीत नव्हतं, पण मधल्या तीन आठवड्यांत तो सुट्टीच्या दिवशी पाचही घरं फिरून आला होता. तो वाचू लागला. आवाज नेहमीचाच, कोरडा.

"गादी क्रमांक नऊ. जागेवर आढळली, चालू स्थितीत. रुग्ण वय ब्याऐंशी. पाठ तपासली, जखम नाही. गादी क्रमांक सतरा. जागेवर आढळली. रुग्णाचं चार महिन्यांपूर्वी निधन. गादी धुऊन, घडी करून, परत देण्यासाठी ठेवलेली. कुटुंबाने विचारलं, कुणाकडे द्यायची. गादी क्रमांक बावीस. शेजारच्या घरातल्या रुग्णाला दिलेली आढळली. चालू. पाठीला जखम नाही. गादी क्रमांक तेवीस." इथे त्याने पान उलटायला जरा वेळ घेतला. "चालू. रुग्ण वय अकरा. जखम नाही. गादी क्रमांक चाळीस. एक नळी बंद, बाकी चालू. मी भेट दिली तेव्हा या दोघांपैकी भाऊ तिथे दुरुस्ती करत होता. धंदा बंद होऊन चौदा महिने झाले असताना. मोबदला घेतल्याचं आढळलं नाही."

तो खाली बसला. ताईने सोन्याकडे पाहिलं. दुरुस्तीचं तिला माहीत नसावं. 

अध्यक्षबाईंनी प्रत्येक सदस्याचं मत विचारलं. मास्तरबाई उभ्या राहिल्या, सदस्य नेहमी बसूनच बोलतात हे विसरून.

"माझ्याकडे लोक फाटलेले कपडे आणतात," त्या म्हणाल्या. "फाटलेलं बघितलं की समजतं, वापरून फाटलंय की कोणी मुद्दाम फाडलंय. यांचं काम करताना फाटलंय. खोटं लिहिलं ते चूकच, त्याची नोंद व्हावी, गाद्यांची किंमतही द्यावी लागेल. पण माणूस गादीवर असताना आठ दिवसांत गादी परत मागायची, हा नियमही आपलाच आहे. त्याचीही नोंद व्हावी."

निकाल त्याच दिवशी लागला. प्रामाणिक अपयश. खोट्या नोंदीबद्दल लेखी ठपका, आणि पाच जुन्या गाद्यांची घटलेली किंमत दोन वर्षांत हप्त्याने. यादीत नाव नाही. निधीच्या नियमात एक ओळ घालायची शिफारसही झाली: रुग्णाच्या अंगाखालची वस्तू, गरज असेपर्यंत, यादी ठेवून तिथेच राहू द्यावी. ती ओळ मंजूर व्हायला आणखी सात महिने लागले, आणि त्या सात महिन्यांत दर बैठकीत मास्तरबाईंनी ती विचारली. शेवटी शेवटी अध्यक्षबाई बैठकीच्या सुरुवातीलाच सांगून टाकत, "अजून नाही हो, बाई."

निकालानंतर बाहेर व्हरांड्यात ताई भिंतीला टेकून उभी होती. सोन्या तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होता, एवढा मोठा पुरुष, आवाज न करता. ती त्याच्या केसांतून हात फिरवत म्हणत होती, "झालं रे, झालं." मास्तरबाई जवळ गेल्या नाहीत. समितीवरची मुदत संपेपर्यंत सदस्याने संबंधितांशी खाजगीत बोलू नये, असाही एक नियम होता. त्यांनी तो पाळला, पण रस्त्यावर आल्यावर त्या बस सोडून चालतच घरी गेल्या.

मुदत संपल्यावर काही महिन्यांनी, एका दुपारी, सोन्या दुकानाच्या पायरीवर उभा राहिला. तब्येतीने भरला होता. ताई आता एका रुग्णालयात उपकरणांच्या विभागात होती. तो स्वतः तंबू बनवणाऱ्या कंपनीत कापड जोडायच्या मशीनवर. पाचांपैकी तीन गाद्या अजून चालत होत्या, हप्ते निम्मे फिटले होते. हे सगळं त्याने एका दमात सांगितलं आणि मग हातातल्या पिशवीचे बंद पिळत राहिला.

"आणि?" मास्तरबाई म्हणाल्या.

त्याने पिशवीतून एक रुंद पट्टा काढला. दोन्ही बाजूंना हाताच्या मुठी. पेशंटला पलंगावरून उठवून खुर्चीत बसवायचा पट्टा. म्हणजे उचलणाऱ्याची कंबर जात नाही आणि उठणाऱ्याची काख दुखत नाही. "यात हवा नाही, पंप नाही," तो म्हणाला. "नुसती शिवण आहे. ऐंशी किलोचा माणूस पेलेल. ताईला अजून सांगितलं नाही. ती घाबरेल. मीही घाबरलोय. परत अर्ज करावासा वाटतो." त्याने मान खाली घातली. "करू का?"

 मास्तरबाईंनी पट्टा हातात घेतला, मुठीची शिवण उजेडात धरली आणि मग आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, "अहो, जरा बाहेर या."

नवरा वर्तमानपत्र हातात घेऊनच आला.

"हे दुसरं टोक धरा," त्या म्हणाल्या. "आणि ओढा. जोर लावून. हा म्हणतोय ऐंशी किलोचा माणूस पेलेल, आधी फाटतं का बघू."

नवऱ्याने वर्तमानपत्र सोन्याकडे दिलं, पाय रोवले आणि ओढायला लागला. शिवायला टाकलेली पॅन्ट न्यायला आलेलं एक गिऱ्हाईक दारात थांबलं. सोन्या दोन्ही हातांत वर्तमानपत्र चुरगळत शिवणीकडे बघत होता.

"अजून," मास्तरबाई म्हणाल्या. "अजून ओढा."